चाकण ते लुडविग्सबर्ग : एका कुटुंबाच्या परदेशी स्थलांतराच्या आखणीचे प्रकरण

हे प्रकरण पिंपळे सौदागर येथे राहणाऱ्या चौघांच्या कुटुंबाचे आहे. पती अडतीस वर्षांचे असून चाकण परिसरातील एका वाहनउद्योगात सॉफ्टवेअर अभियंता होते. पत्नी दंतवैद्य असून घराजवळच त्यांचा स्वतःचा दवाखाना होता. मुलगी नऊ वर्षांची, आणि पतीच्या आई अडुसष्ट वर्षांच्या, मधुमेही, मुलाकडेच राहणाऱ्या. मे २०२५ मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात, श्टुटगार्टजवळच्या एका कंपनीने पतींना वार्षिक ६२,००० युरो पगाराचे नियुक्तिपत्र दिले. माझ्याकडे ते सल्ल्यासाठी आले तेव्हा त्यांचा प्रश्न एकच होता : व्हिसा मिळेल का? कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही किरकोळ तपशील येथे बदलले आहेत; आकडे आणि नियम मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत.

व्हिसाच्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच बैठकीत मिळाले. युरोपीय ब्लू कार्डासाठी, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांसाठीच्या निवासपरवान्यासाठी, २०२५ सालची किमान पगाराची सर्वसाधारण अट ४८,३०० युरो होती आणि तुटवड्याच्या व्यवसायांसाठी ती ४३,७५९ युरो ८० सेंट होती. देऊ केलेला पगार दोन्हींच्या बराच वर होता. पतींची पदवी पुणे विद्यापीठाची. ते विद्यापीठ आणि ती पदवी परदेशी पदव्यांच्या ‘अनाबिन’ या जर्मन नोंदवहीत मान्यताप्राप्त म्हणून दिसत होती, त्यामुळे पदवीच्या स्वतंत्र मूल्यमापनाचा अर्ज करण्याचीही गरज पडली नाही. सॉफ्टवेअर अभियंत्याला जर्मनीत काम करण्यासाठी व्यावसायिक परवाना लागत नाही. मुंबईतील जर्मन वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत अर्ज झाला आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात व्हिसा हातात आला. येथे एक खुलासा करतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि बाडेन-व्युर्टेंबर्ग यांच्यात कुशल मनुष्यबळाबाबत झालेल्या कराराचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता. अनेक जण तो करार म्हणजे सर्वांसाठीचे वेगळे दार आहे असे समजून विचारणा करतात. अभियंत्यांसाठी ब्लू कार्डाचा नेहमीचा मार्ग त्याहून सरळ आहे.

खरी गुंतागुंत व्हिसाच्या बाहेर होती. ती तीन ठिकाणी होती : निघण्याची तारीख, पत्नीचा व्यवसाय आणि आईंची व्यवस्था. कुटुंबाने या तिन्ही गोष्टी ‘व्हिसा आल्यावर बघू’ या खात्यात टाकल्या होत्या.

निघण्याची तारीख

कुटुंबाची मूळ योजना अशी होती : दिवाळी एकत्र करावी, पतींनी ऑक्टोबरअखेर एकट्याने निघून १ नोव्हेंबरला रुजू व्हावे, मुलीचे पाचवीचे वर्ष पूर्ण होऊ द्यावे आणि पत्नी व मुलीने मे २०२६ मध्ये मागाहून जावे. ही योजना भावनेला पटणारी होती, पण हिशेबाला पटणारी नव्हती.

भारतीय प्राप्तिकर कायद्यात नोकरीसाठी परदेशी जाणारा भारतीय नागरिक, त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस किंवा अधिक राहिला तर निवासी ठरतो, त्याहून कमी राहिला तर अनिवासी. १ एप्रिलपासून मोजले तर १८१ वा दिवस २८ सप्टेंबरला येतो. २१ ऑक्टोबरचे लक्ष्मीपूजन करून २५ ऑक्टोबरला निघाल्यास भारतातले दिवस २०८ होतात, म्हणजे पती २०२५-२६ या संपूर्ण वर्षासाठी भारतात निवासी ठरतात आणि जर्मनीत मिळालेला पगारही भारतीय विवरणपत्रात दाखवावा लागतो. दोन देशांतील दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे हे खरे. परंतु दोन्ही देश एखाद्याला आपला निवासी मानतात तेव्हा करार घर कोठे आहे, कुटुंब कोठे आहे, आर्थिक संबंध कोठे अधिक घट्ट आहेत, अशा क्रमाने निर्णय करतो. पतींचे भाड्याचे एकखोलीचे बिऱ्हाड जर्मनीत आणि पत्नी, मुलगी, आई, स्वतःची सदनिका व दवाखाना पुण्यात, अशा स्थितीत त्या निर्णयाचा कौल जर्मनीकडे जाईल याची खात्री कोणत्याही सनदी लेखापालाने दिली नसती.

म्हणून निघण्याची तारीख २४ सप्टेंबर ठरली. पतींनी राजीनामा व्हिसा हातात आल्यानंतरच दिला होता. साठ दिवसांची सूचनामुदत सप्टेंबरच्या मध्यावर संपली आणि रुजू होण्याची तारीख १ ऑक्टोबर करून घेण्यात आली. २४ सप्टेंबरपर्यंत भारतातले दिवस १७७ झाले होते. याचा दुसरा अर्थ असा, की ३१ मार्च २०२६ पर्यंत त्यांना आणखी फक्त चार दिवस भारतात राहता येणार होते. नाताळच्या सुट्टीत पंधरा दिवस येऊन जाण्याचा त्यांचा विचार यात बसत नव्हता. निघण्याच्या दिवसाचा हिशेब अनेक जण काळजीपूर्वक करतात आणि नंतरच्या भेटीचे दिवस त्यात धरायचे विसरतात. वर्षअखेरीस विमानाची तिकिटे पाहून विवरणपत्र भरायची वेळ आली की मग धावपळ होते. या कुटुंबात दिवाळीला पती नसणार हे आईंनी सहज स्वीकारले, पण नाताळातही येणार नाहीत हे ऐकून मे महिन्यापर्यंतच्या ताटातुटीचा विचार सर्वांनाच नव्याने करावा लागला.

ताटातुटीची किंमत पैशांतही मोजता येते, आणि आम्ही ती मोजली. पत्नी जर्मनीबाहेर, तेही युरोपीय संघाबाहेर राहत असेल तर पतीला विवाहित व्यक्तीसाठीचा तिसरा करवर्ग मिळत नाही; तो एकट्या व्यक्तीच्या पहिल्या वर्गात पडतो. ६२,००० युरो पगारावर पहिल्या वर्गात दरमहा हातात साधारण ३,२०० युरो येतात आणि तिसऱ्या वर्गात साधारण ३,६०० युरो. मूल भारतात राहत असेल तर बालभत्ता, जो २०२५ मध्ये दरमहा २५५ युरो होता, तोही मिळत नाही. पती कामावर असताना कमाई नसलेली पत्नी आणि मूल यांना जर्मन सरकारी आरोग्य विमा अधिकचा हप्ता न घेता सामावून घेतो, पण तेही तेथे राहायला आल्यावरच. थोडक्यात, वेगळे राहण्याचा प्रत्येक महिना साडेसहाशे युरोच्या आसपास महाग पडत होता, दोन बिऱ्हाडांचा खर्च वेगळाच.

येथे एक सावधगिरी नोंदवणे आवश्यक आहे. पत्नी वर्ष संपण्याआधी जर्मनीत राहायला आली तर त्या वर्षासाठी पती-पत्नींची एकत्रित करआकारणी मागता येते, ही गोष्ट समाजमाध्यमांवर मोठ्या लाभाच्या स्वरूपात सांगितली जाते. परंतु त्या वर्षी जर्मनीत येण्यापूर्वी भारतात मिळालेले उत्पन्न जर्मनीत करपात्र नसले तरी कराचा दर ठरवताना धरले जाते. पतींचा जानेवारी ते सप्टेंबरचा पगार आणि पत्नीच्या दवाखान्याचे वर्षभराचे उत्पन्न या दोन्हींमुळे दर वर सरकणार होता. म्हणून २०२५ सालच्या लाभावर आम्ही कोणताही निर्णय आधारला नाही. २०२६ पासूनचा दरमहाचा फरक मात्र खरा होता.

मुलीची इयत्ता

निर्णय शेवटी पैशांवर झाला नाही, शाळेवर झाला. बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये प्राथमिक शाळा चार वर्षांची असते आणि चौथीनंतर मुले वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमिक शाळांत विभागली जातात. गिम्नाझियम हा त्यांतला विद्यापीठाकडे थेट नेणारा मार्ग. मुलगी पुण्यात जून २०२५ मध्ये पाचवीत गेली होती. डिसेंबर २०१५ च्या जन्मतारखेमुळे जर्मनीत ती २०२५-२६ या वर्षी चौथीत बसत होती. ‘एक वर्ष वाया जाणार’ ही पत्नीची पहिली प्रतिक्रिया स्वाभाविक होती, आणि मला ती मुळातच चुकीची वाटली. जर्मनचा एक शब्द न येणाऱ्या मुलीला प्राथमिक शाळेतले हे वर्ष मिळणे म्हणजे अधिकची मुदत मिळणे होते.

नवागत मुलांसाठी त्या राज्यात शाळांना जोडून पूर्वतयारी वर्ग असतात. त्यांत मुले प्रामुख्याने भाषा शिकतात आणि जमेल तशी गणित, संगीत, खेळ अशा विषयांसाठी नेहमीच्या वर्गात बसतात. माध्यमिक स्तरावरचे असे वर्ग बहुतांशी गिम्नाझियमखेरीज अन्य प्रकारच्या शाळांत आहेत. म्हणजे मुलगी मूळ योजनेप्रमाणे उन्हाळ्यात पोहोचली असती, तर थेट पाचवीच्या वयात, भाषेविना, ज्या शाळेत जागा असेल त्या शाळेच्या पूर्वतयारी वर्गात गेली असती आणि पुढचा मार्ग बदलणे अशक्य नसले तरी जड गेले असते. जानेवारीत पोहोचली तर प्राथमिक शाळेच्या वातावरणात जुलैअखेरपर्यंतचे महिने तिच्या हाती राहत होते. चौथीच्या मध्यावर शाळेकडून पुढच्या शिक्षणाविषयी शिफारस येते, आणि जानेवारीत आलेल्या मुलीबाबत ती अनुकूल येण्याची शक्यता नसतेच. पण चौथीचे वर्ष पुन्हा करण्याचा पर्याय शाळेशी बोलून खुला ठेवता येतो. कुटुंबाला हे पटले. पत्नी आणि मुलगी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात निघतील असे ठरले. पुण्यातल्या शाळेची पहिल्या सत्राची परीक्षा तोवर झालेली होती, आणि शाळा सोडल्याचा दाखला व गुणपत्रके यांचे जर्मन भाषांतर करून घेण्यास वेळ मिळाला.

दंतवैद्यकाची फाइल

या प्रकरणातला सर्वांत दूरचा पल्ला पत्नीचा होता. ब्लू कार्डधारकाच्या पत्नीला व्हिसासाठी जर्मन भाषेचे प्रमाणपत्र लागत नाही आणि पोहोचल्या दिवसापासून कोणतीही नोकरी करण्याची मुभा असते. हे वाचून दोघांचा असा समज झाला होता, की पत्नी काही महिन्यांत एखाद्या दवाखान्यात काम सुरू करतील. नोकरी करण्याची परवानगी आणि व्यवसाय करण्याचा परवाना या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. दंतवैद्यक हा तेथे नियमनाखालील व्यवसाय असून त्यासाठी ‘आप्रोबात्सिओन’ म्हणजे कायमस्वरूपी वैद्यकीय परवाना लागतो. त्या राज्यात हे काम श्टुटगार्टचे विभागीय प्रशासन पाहते. युरोपीय संघाबाहेरची पदवी असल्यास अभ्यासक्रमाची तुलना होते, उणीव आढळल्यास ज्ञानचाचणी द्यावी लागते, आणि शिवाय व्यावसायिक भाषेची परीक्षा सी-१ पातळीची असते (ए-१ ते सी-२ या सहा पातळ्यांतली पाचवी). सर्वसाधारण जर्मन बी-२ पर्यंत येण्यासच जर्मन भाषा शिकवणाऱ्या ग्योटे संस्थेच्या मापाने ६०० ते ८०० तासिका लागतात. म्हणून आम्ही पत्नीच्या कमाईचा आकडा पहिल्या दोन वर्षांच्या अंदाजपत्रकात शून्य धरला. पतींना हे फार कठोर वाटले. मला मात्र अंदाजपत्रकातली तीच ओळ सर्वांत खरी वाटते.

त्यातही एक गोष्ट अशी, की या फाइलची बहुतेक कागदपत्रे भारतात राहूनच सुलभतेने मिळतात. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला आहे. तेथून पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचे विषयवार तासांसह प्रमाणित विवरण काढावे लागते, आणि ‘तासांसह’ हा भाग महत्त्वाचा, कारण तुलना तासांवरच होते. महाविद्यालयाकडून आंतरवासितेचा विभागवार दाखला लागतो. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचे सद्वर्तन प्रमाणपत्र मात्र शेवटी काढायचे असते, कारण ते साधारण तीन महिन्यांहून जुने चालत नाही. पत्नींनी उत्साहाने ते सर्वांत आधी काढले होते. ते पुन्हा काढावे लागले.

कागदपत्रांतली सर्वांत मोठी अडचण आपल्या नाव लिहिण्याच्या पद्धतीतून निघाली. पदवी आणि परिषदेची नोंदणी माहेरच्या नावाने : स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, माहेरचे आडनाव. पासपोर्ट सासरच्या नावाने : स्वतःचे नाव, पतीचे नाव, सासरचे आडनाव. मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचे नुसतेच नाव, आडनाव नाही. आपल्याकडे या तिन्ही कागदांवरची बाई एकच आहे हे कोणीही सांगेल. परक्या कार्यालयात त्या तीन बायका ठरतात. दोघांचा विवाह २०१२ मध्ये झाला होता आणि त्याची नोंदणीच केलेली नव्हती. महापालिकेच्या विवाह नोंदणी कार्यालयात विलंबशुल्क भरून, लग्नपत्रिका, फोटो, पुरोहितांचा तपशील आणि साक्षीदार सादर करून प्रमाणपत्र घेतले. जन्मदाखल्यात आईचे पूर्ण नाव दुरुस्त करून घेतले. हे सगळे व्हायला पावसाळ्याचे बहुतेक महिने गेले. परदेशी जाण्याचा विचार मनात असलेल्या प्रत्येक जोडप्याला मी हेच काम पहिले सांगतो, नियुक्तिपत्र येवो वा न येवो.

अपोस्टिलबाबतही, म्हणजे कागदपत्र परदेशात ग्राह्य धरले जावे म्हणून त्यावर मिळणाऱ्या सरकारी शिक्क्याबाबतही, एक बोलून ठेवतो. भारत २००५ पासून हेग अपोस्टिल करारात आहे, पण जर्मनीने भारताबाबत आक्षेप नोंदवल्यामुळे या दोन देशांत तो करार लागू नाही. तरीही ‘जर्मनीसाठी अपोस्टिल’ असे फलक लावून पैसे घेणारे पुण्यात भेटतात. जर्मन कार्यालयाला शंका आली तर ते दूतावासामार्फत कागदपत्रांची पडताळणी करून घेते, आणि त्यास महिने लागतात. आम्ही आधी श्टुटगार्टच्या कार्यालयाला लेखी विचारले आणि त्यांनी मागितले तेवढेच दिले.

दवाखान्याचे काय करायचे, यावर पत्नीचे मत पहिल्यापासून स्पष्ट होते : विकायचा नाही. एका कनिष्ठ दंतवैद्याला तो चालवायला दिला. एक्स-रे यंत्राची अणुऊर्जा नियामक मंडळाकडील नोंद त्या डॉक्टरांच्या नावे करून घेणे, एवढेच त्यात कष्टाचे होते.

आईंची व्यवस्था

१ मार्च २०२४ पासून जर्मन कायद्यात एक नवी तरतूद आली आहे. त्या दिवशी किंवा नंतर प्रथमच कुशल कामगार म्हणून निवासपरवाना मिळालेल्या व्यक्तीला आपल्या आईवडिलांना, आणि काही अटींवर सासू-सासऱ्यांनाही, कायमचे बोलावता येते. पती या तरतुदीत बसत होते आणि ‘सहा महिन्यांनी आईलाही नेऊ’ हे त्यांचे सर्वांना दिलेले आश्वासन त्यावरच उभे होते. परंतु तरतुदीची अट अशी, की पालकाचा चरितार्थ आणि पुरेसा आरोग्य विमा यांची खात्री द्यावी लागते. जर्मनीचा सरकारी आरोग्य विमा पंचावन्न वर्षांवरील नवागताला सहसा घेत नाही, आणि पालक कुटुंबाच्या विम्यात बसत नाहीत. उरतो खासगी विमा. अडुसष्टाव्या वर्षी, मधुमेहासह, तो मिळणे अवघड आणि मिळाला तर हप्ता न पेलणारा. कायद्याने उघडलेली वाट विम्यापाशी येऊन अडते, आणि हे आईंना स्पष्ट सांगणे भाग होते. पतींनी ते सांगायला बराच वेळ घेतला. आईंनी ऐकून घेतले आणि विचारले, “माझी सही कुठं कुठं लागणार आहे, तेवढं आत्ताच सांगून ठेवा. मग मी साताऱ्याला केव्हा जायचं ते ठरवते.” त्यांची मुलगी, म्हणजे पतींची धाकटी बहीण, साताऱ्यात राहते.

यानंतरचा प्रश्न आईंच्या भारतातल्या विम्याचा होता, आणि तो जवळजवळ निसटणार होता. आईंचा आरोग्य विमा पतींच्या कंपनीच्या सामूहिक योजनेत होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी ते संरक्षण संपते. सामूहिक योजनेतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक योजनेत स्थलांतर करण्याचा हक्क नियमांनी दिलेला आहे आणि त्यात आधीच्या वर्षांची प्रतीक्षा मुदत जमा धरली जाते. मात्र अर्ज नोकरी सुटण्यापूर्वी करावा लागतो. तो ऑगस्टमध्ये केला. नवीन विमा घेतला असता तर पूर्वीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंतची प्रतीक्षा लागू झाली असती. सत्तर वर्षे पूर्ण केलेल्यांना मिळणारे आयुष्मान भारत योजनेचे संरक्षण आईंना अजून दोन वर्षांनी मिळेल. पतींनी नोकरीच्या राजीनाम्याची तारीख, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी या सगळ्याची यादी केली होती. आईंचा विमा त्या यादीत नव्हता, कारण तो कधी पगारातून कापला गेलेला कोणी पाहिलाच नव्हता.

आईंना जर्मनीला भेट देता येईल ती शेंगेन व्हिसावर, १८० दिवसांत ९० दिवस. त्यासाठीचा किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा सहज मिळतो, पण जुन्या आजारांना तो बहुधा तातडीच्या प्रसंगापुरताच उपयोगी पडतो. २०२६ च्या उन्हाळ्यातल्या भेटीसाठी औषधांचा पुरवठा आणि डॉक्टरांचे इंग्रजी पत्र यांची तयारी बहिणीकडे सोपवली आहे.

मालमत्ता, बँक आणि मुखत्यारपत्र

सातारा जिल्ह्यात पतींच्या वडिलांच्या नावे शेतजमीन होती. वडील २०२३ मध्ये वारले आणि वारस नोंद रखडली होती. अनिवासी भारतीयाला वारसाहक्काने आलेली शेतजमीन ठेवता येते. नवी विकत मात्र घेता येत नाही. शेजारची वीस गुंठे घेण्याचा पतींचा विचार होता आणि विसार देण्यापर्यंत गोष्ट आली होती. निघण्याआधी व्यवहार पूर्ण होणार नाही हे दिसताच तो सोडून द्यायला लावला. वारस नोंदीसाठी आई, मुलगा आणि मुलगी तिघांची नावे लागून फेरफार मंजूर झाला आणि नवा सातबारा हातात आला, तो पती निघण्याच्या आठवड्यात.

मुखत्यारपत्र आईंच्या नावे करावे असे पतींना वाटत होते. मी त्यास विरोध केला. बँक, सोसायटी, महापालिका, दुय्यम निबंधक कार्यालय यांच्या खेपा अडुसष्ट वर्षांच्या बाईंनी घालाव्यात हे व्यवहार्य नव्हते. शेवटी बहिणीच्या नावे मर्यादित अधिकारांचे मुखत्यारपत्र झाले : सदनिका भाड्याने देणे, भाडेकरार नोंदवणे, कर भरणे, सोसायटीत प्रतिनिधित्व. विक्रीचा अधिकार त्यात नाही. ते पुण्यातच दुय्यम निबंधकांपुढे नोंदवले, कारण परदेशातून करायचे तर भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकन करून, कागद भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत येथे मुद्रांक शुल्क भरण्याचा व्याप होतो.

सदनिकेवर दरमहा ४१,००० रुपयांचा कर्जहप्ता आहे आणि भाडे २८,००० रुपयांच्या आसपास अपेक्षित होते. येथे भाडेकरूची अडचण पुढे येते. मालक अनिवासी असेल तर भाडेकरूने भाड्यातून ३१.२ टक्के कर कापून सरकारात भरायचा असतो आणि त्यासाठी कर कपात खाते क्रमांक घ्यायचा असतो. बहुतेक भाडेकरूंना हे माहीत नसते आणि माहीत झाले की ते दुसरे घर बघतात. कमी दराने कपातीचे प्रमाणपत्र मिळवण्याचा अर्ज पतींनी केला, आणि ते येईपर्यंत घर रिकामे ठेवण्याची तयारी ठेवली. हे भाडे भारतात करपात्र राहते. जर्मनीत त्यावर कर नाही, पण कराचा दर ठरवताना ते धरले जाते.

बँक खात्यांबाबत थोडक्यात. साधे बचत खाते अनिवासी सामान्य खात्यात बदलणे बंधनकारक आहे. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे जुने खाते मुदत संपेपर्यंत चालवता येते, वाढवता येत नाही. अनिवासी बाह्य खात्यावरचे व्याज भारतात करमुक्त असले तरी जर्मनीत राहणाऱ्याला ते तेथे दाखवावे लागते. सुरुवातीच्या खर्चासाठी नेलेली रक्कम आर्थिक वर्षात १० लाख रुपयांच्या आत ठेवली, म्हणजे त्यावर आगाऊ कर वसुली झाली नाही. भविष्य निर्वाह निधी परदेशी नोकरीसाठी जाताना पूर्ण काढता येतो. पतींनी तो काढू नये असा मी आग्रह धरला, कारण त्यांची पेन्शन योजनेतील सेवा दहा वर्षांहून अधिक झाली होती. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे आणि त्यानुसार दोन्हीकडची वर्षे पेन्शनच्या पात्रतेसाठी एकत्र मोजता येतात.

सद्यस्थिती

पतींनी पहिले दोन महिने नोकरदारांसाठीच्या सुसज्ज खोलीत काढले आणि १ डिसेंबरपासून श्टुटगार्टजवळच्या लुडविग्सबर्गमध्ये तीन खोल्यांचे घर घेतले. हीटिंग व इतर आकारांसह भाडे १,४५० युरो, अनामत तीन महिन्यांचे मूळ भाडे. घरात स्वयंपाकघर म्हणून नळ आणि भिंत एवढेच होते, ओटा, शेगडी, कपाटे सगळे आधीचा भाडेकरू काढून घेऊन गेला होता. तेथे तशीच रीत आहे, आणि अंदाजपत्रकात त्यासाठी ठेवलेली रक्कम अपुरी पडली. कोठेही राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्त्याची नोंद करायची असते, आणि कर ओळख क्रमांक त्यानंतर टपालानेच येतो. पहिले पत्र परत गेले, कारण सुरुवातीच्या त्या खोलीच्या टपालपेटीवर जुन्या भाडेकरूचेच नाव होते. त्या एका चिठ्ठीअभावी पहिल्या पगारातून सर्वाधिक दराने कर कापला गेला. तो वार्षिक विवरणपत्रात परत मिळेल.

पत्नी आणि मुलगी ठरल्याप्रमाणे डिसेंबरात पोहोचल्या. मुलीला जानेवारीत प्राथमिक शाळेच्या पूर्वतयारी वर्गात प्रवेश मिळाला. पत्नींची बी-१ पर्यंतची तयारी पुण्यात मॅक्समुल्लर भवनात झाली होती. आता त्या तेथे बी-२ चा वर्ग करत आहेत. त्यांची परवान्याची फाइल श्टुटगार्टला दाखल झाली असून विद्यापीठाच्या तासांच्या विवरणात शस्त्रक्रिया विषयाच्या प्रात्यक्षिकांचा तपशील कमी असल्याचे पत्र आले आहे. तो तपशील महाविद्यालयाकडून आणण्याचे काम पुण्यातल्या कनिष्ठ डॉक्टरांनी घेतले आहे. पती बी-१ ची परीक्षा देणार आहेत, कारण ती उत्तीर्ण झाल्यास ब्लू कार्डधारकाला २७ ऐवजी २१ महिन्यांनी कायम निवासाचा परवाना मागता येतो. त्यांचा भारतीय वाहन परवाना तेथे सहा महिनेच चालतो. लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही चाचण्या द्यायच्या आहेत, आणि त्यांची तारीख अजून घेतलेली नाही.